तीन पडद्यांचा हिशेब

तीन मॉनिटर लावून शर्यतीचे सिम्युलेशन खेळू पाहणाऱ्याने ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे संगणकात चित्र रंगवणाऱ्या भागाचा, विचार सुताराच्या टेपपासून सुरू करावा, असे माझे मत आहे; आणि हे मत ऐकून खारघरला राहणारा माझा भाचा अजूनही हसतो. त्याच्या पिढीला कार्ड म्हणजे एक क्रमांक वाटतो, आणि क्रमांक जितका मोठा तितके बरे, एवढ्यावर चर्चा संपते. मला मात्र उलटी वाट धरावीशी वाटते: आधी खोलीची रुंदी, मग डोळ्यापासून पडद्याचे अंतर, त्यावरून पडद्याचा आकार, त्यावरून पिक्सेल, म्हणजे चित्राचे ठिपके, आणि सर्वांत शेवटी कार्ड. ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या घरात या छंदाच्या वाट्याला आलेली खोली दहा बाय दहा फुटांची आहे, आणि पाहुण्यांसाठीचा सोफा-कम-बेड, इस्त्रीचे टेबल आणि नवऱ्याची पुस्तकांची कपाटे तिच्यात आधीपासून ठाण मांडून आहेत. अशा खोलीत कोणते कार्ड घ्यावे, हा प्रश्न निम्मा तरी भूमितीचाच असतो.

तीन पडदे ही निव्वळ हौस आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी बेल्जियममधील स्पा-फ्रँकोरशाँ ट्रॅकवरचे पहिलेच वळण, ला सूर्स, एका मॉनिटरवर घेऊन पाहावे. शर्यत सुटताच सगळ्या गाड्या एकदम या वळणात शिरतात, आणि वळण तर गाडीला उजवीकडे जवळजवळ उलटे फिरवणारे आहे. गाडी वळू लागली की वळणाचा आतला बिंदू, म्हणजे अ‍ॅपेक्स, पडद्याच्या कडेबाहेर जातो, आणि शेजारी लागलेली गाडी तर दिसतच नाही. २७ इंची मॉनिटर साधारण ६० सेंटिमीटर रुंद असतो. तो स्टिअरिंगच्या मागे टेबलावर, डोळ्यापासून ८० सेंटिमीटरवर ठेवला तर डोळ्यापुढचा जेमतेम ४१ अंशांचा कोन व्यापतो. स्वतंत्र स्टँडवर चढवून ६० सेंटिमीटरवर आणला तर ५३ अंश. पडदा वीतभर पुढे ओढल्याने १२ अंश पदरात पडतात आणि त्याला एक पैसा लागत नाही. खेळाच्या सेटिंगमध्ये हा कोन हवा तेवढा वाढवून मिळतो हे खरे, पण खोटा कोन भरला की जग आक्रसते, वळण आहे त्याहून दूर भासते, आणि ब्रेक कुठे दाबायचा याचा अंदाज कधीच बसत नाही.

बाजूचे दोन्ही मॉनिटर मधल्याच्या रेषेपासून तेवढेच, म्हणजे ५३ अंशांनी, आत वळवले की तिन्ही पडदे डोळ्यापासून सारख्या अंतरावर येतात आणि एकूण १५९ अंश डोळ्यापुढे उभे राहतात. या मांडणीची रुंदी भरते १३२ सेंटिमीटर, म्हणजे साडेचार फुटांच्या आत. ३२ इंची मॉनिटर घेतले आणि ते ७० सेंटिमीटरवर बसवले, तर कोन जवळपास तेवढाच मिळतो, पण रुंदी १५६ सेंटिमीटरवर जाते. आमच्या खोलीत हा फरक म्हणजे कपाटाचे दार उघडणे आणि न उघडणे यांतला फरक होता. भाच्याला मी टेपचे दुसरे टोक धरून उभे केले होते, तेव्हा तो म्हणाला, "मावशी, आपण कार्ड घ्यायला निघालोय की पडदे शिवायला?" तरीही जमिनीवर खडूने रेघा मारून झाल्यावर २७ इंचांना त्याचीही हरकत उरली नाही.

आकार ठरला की पिक्सेलांचा हिशेब करता येतो, आणि तो एकदा स्वतः कागदावर मांडावा. एका १०८०पी, म्हणजे उभ्या बाजूने १०८० पिक्सेल असलेल्या, पडद्यावर २०.७ लाख पिक्सेल असतात, तेव्हा तिन्हींचे मिळून ६२.२ लाख होतात. १४४०पीचे तीन पडदे घेतले तर हाच आकडा १ कोटी १० लाखांच्या पुढे जातो. एका ४के पडद्यावर ८२.९ लाख पिक्सेल असतात, म्हणजे तीन १०८०पी पडदे एका ४केपेक्षा हलके आहेत आणि तीन १४४०पी पडदे त्याहून एकतृतीयांशाने जड. हे लक्षात ठेवण्याचे कारण असे की कार्डांची परीक्षणे बहुतेक वेळा एकाच पडद्यावर केलेली असतात, आणि तीन १४४०पीचा रकाना त्यांच्या तक्त्यांत क्वचितच सापडतो. मी त्यांतला ४केचा आकडा घेते आणि त्याचा पाऊण भाग धरते: ४केवर सेकंदाला १०० फ्रेम, म्हणजे १०० चित्रे, देणारे कार्ड तीन १४४०पी पडद्यांवर ७५च्या आसपास देईल, असा ढोबळ अंदाज. तीन १०८०पी घेणाऱ्याने १४४०पी आणि ४के या दोन रकान्यांच्या मध्ये कुठेतरी बोट ठेवावे. हा अंदाज काटेकोर नाही, पण दुकानात उभे राहून निर्णय घेताना एवढाही आधार पुष्कळ असतो.

मग १०८०पीवरच का थांबू नये? खिशाला तेच परवडणारे आहे आणि पुष्कळ जण तेथेच सुखाने थांबतात. अडचण अंतराची आहे. २७ इंची १०८०पी पडद्यावर एका इंचात सुमारे ८२ पिक्सेल बसतात, आणि ६० सेंटिमीटरवरून ते डोळ्याला वेगवेगळे दिसू लागतात. १४४०पीवर हेच प्रमाण १०९ होते. वळणाआधी लावलेल्या १५०, १०० आणि ५० मीटरच्या पाट्या लांबून वाचता येणे, ही या खेळात शोभेची गोष्ट नाही. ब्रेक त्या पाटीवर दाबायचा असतो.

आता कार्डाकडे येऊ, पण त्याआधी तीन पडद्यांवर चित्र कसे उमटते हे पाहायला हवे, कारण कार्डाची खरी परीक्षा तेथे होते. संगणकाला तिन्ही पडदे मिळून एकच लांब पट्टी आहे असे सांगता येते, आणि खेळ मग एकाच कॅमेऱ्यातून ती पट्टी भरतो. सपाट पट्टीवर रुंद कोन बसवताना कडेची चित्रे ताणली जातात. बाजूच्या पडद्यावर शेजारची गाडी दुप्पट लांब दिसते आणि तिचे अंतर कळेनासे होते. योग्य पद्धत म्हणजे तीन पडद्यांसाठी तीन दिशांना वळलेले तीन कॅमेरे, आणि प्रत्येकाला त्याच्या पडद्याचा खरा कोन ठाऊक असणे. हे सगळ्या खेळांना सारखे जमत नाही, आणि ज्यांना जमते त्यांतही काहींना एकच देखावा प्रत्येक फ्रेममध्ये तीनदा रचावा लागतो.

एका कार्डावर तीन मॉनिटर चालवणे हे काही पूर्वीपासून सोपे नव्हते. कार्ड बनवणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांपैकी एएमडीने २००९ साली रेडिऑन एचडी ५८७० हे कार्ड आणि आयफिनिटी हे अनेक पडद्यांचे तंत्र आणून घरगुती संगणकात ती सोय केली. दुसरीकडे, एनव्हिडियाकडे, २०१२ साली जीटीएक्स ६८० येईपर्यंत तीन पडद्यांवरच्या खेळासाठी दोन कार्डे जोडावी लागत. तीन कॅमेऱ्यांच्या प्रश्नाला थेट हात घातला तो एनव्हिडियाच्या पास्कल पिढीने, २०१६ साली: देखाव्याची भूमिती एकदाच मोजायची आणि ती एकाच फेरीत १६ पर्यंत वेगवेगळ्या दिशांना प्रक्षेपित करायची, अशी युक्ती त्या चिपमध्ये होती. युक्ती चांगली होती, पण खेळ बनवणाऱ्यांनी ती वापरायला हवी ना! आयरेसिंग या ऑनलाइन शर्यतींच्या खेळाने ती वापरली, बाकीच्यांपैकी बहुतेकांनी तिच्याकडे पाहिलेही नाही. मी मुख्यतः आयरेसिंगच खेळते, म्हणून माझ्या बाबतीत पारडे एनव्हिडियाकडे झुकले. ज्याचा मुक्काम असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने या अनरियल इंजिनवरच्या खेळात असेल, त्याला या कारणासाठी एनव्हिडियाला जास्त पैसे मोजण्याची गरज नाही.

परीक्षणांत ठळक छापलेली सरासरी फ्रेमसंख्या मला फारशी उपयोगाची वाटत नाही. एकट्याने सराव करताना, स्वच्छ उन्हात, मोकळ्या ट्रॅकवर कोणतेही बरे कार्ड १२० फ्रेम देते. कार्डाची गरज पडते ती शर्यतीच्या सुरुवातीला, जेव्हा तीसेक गाड्या एकमेकींच्या पुढेमागे उभ्या असतात, प्रत्येकीच्या आरशात मागच्या गाड्या दिसत असतात आणि वर पाऊस पडत असतो. आयरेसिंगमध्ये २०२४ पासून पाऊसही आला आहे. ताशी २०० किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला साडेपंचावन्न मीटर कापते. ६० फ्रेमवर दोन चित्रांमध्ये ती सुमारे ९३ सेंटिमीटर सरकते, आणि एखादी फ्रेम ५० मिलिसेकंद अडकली तर पावणेतीन मीटर. पावणेतीन मीटर म्हणजे पुढच्या गाडीचा बंपर. म्हणून मी तळ पाहते: परीक्षणात जो 'एक टक्का लो', म्हणजे सर्वांत मंद एक टक्का फ्रेमचा वेग, म्हणून आकडा दिलेला असतो तो, आणि तोही मिळाला तर पावसातल्या, गर्दीतल्या सुरुवातीचा. तो ८० किंवा ९०च्या वर राहणार असेल तर सरासरी किती, हे विचारायचेही कारण उरत नाही.

याच ठिकाणी भाच्याने मला एक गोष्ट दाखवली, आणि ती त्याच्या मोठ्या क्रमांकांच्या हट्टापेक्षा फार मोलाची होती. माझे जुने कार्ड बदलायचे हे ठरलेच होते. त्याने पडद्याच्या कोपऱ्यात कार्डाच्या वापराची टक्केवारी लावून ठेवली आणि मला स्पाला भरल्या ग्रिडवर, म्हणजे शर्यतीआधी उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या रांगेत, सर्वांत मागून सुरुवात करायला सांगितली. दिवे विझले, गाड्या ला सूर्सकडे झेपावल्या, फ्रेम ४५वर आल्या, आणि त्याच क्षणी कार्डाचा वापर ९७ टक्क्यांवरून ६८वर घसरला. "बघ," तो म्हणाला, "कार्ड रिकामं बसलंय. प्रोसेसर त्याला काम पुरवू शकत नाहीये. तू लाखाचं कार्ड आणलंस तरी इथे पंचेचाळीसच मिळणार." फ्रेम पडत असताना कार्ड शंभरीच्या जवळ असेल तर दोष कार्डाचा, आणि कार्ड आराम करत असेल तर प्रोसेसरचा: निदानाची इतकी सोपी आणि फुकटची पद्धत असताना माणसे कार्डावर कार्डे बदलत राहतात, याचे मला नवल वाटते.

शर्यतीच्या सिम्युलेशनमध्ये हे वारंवार घडते, कारण गाड्यांचे टायर, सस्पेन्शन आणि हवेचा दाब यांची आकडेमोड प्रोसेसरला करावी लागते, आणि तीन कॅमेऱ्यांसाठी देखावा रचण्याचे हुकूमही तोच सोडत असतो. एएमडीच्या एक्स३डी प्रोसेसरांवर जो मोठा कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या अगदी जवळची वेगवान मेमरी, बसवलेला असतो, तो या खेळांना विशेष मानवतो. माझ्याकडच्या रायझन ५ ३६००वर ३२ एमबी एल३ कॅश होता. त्याच मदरबोर्डवर बायोस अद्ययावत करून बसणाऱ्या रायझन ७ ५७००एक्स३डीवर तो ९६ एमबी आहे. मदरबोर्ड आणि रॅम तेच ठेवून नुसता प्रोसेसर बदलण्याची ही सोय होती, म्हणून कार्डाच्या खर्चातला एक हिस्सा मी आधी तिकडे वळवला.

कार्डावरच्या मेमरीबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण दुकानात सगळ्यात जास्त दिशाभूल तिच्या आकड्यावरून होते. तीन १४४०पी पडद्यांना ८ जीबी अपुरी पडते. टेक्श्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागावरचे बारकावे, कमी करावे लागतात, नाहीतर नव्या गाड्या देखाव्यात आल्या की झटके बसतात. १२ जीबीवर आज निभते. १६ जीबी असली की काही वर्षे पाहायला नको. पण मेमरी किती, याच्या बरोबरीने ती किती वेगाने पोहोचते हेही पाहावे लागते. आरटीएक्स ४०६० टीआयची १६ जीबीची आवृत्ती पाहा: मेमरी भरपूर, पण तिच्यापर्यंतचा रस्ता, ज्याला 'बस' म्हणतात, तो १२८ बिटचा आणि वेग सेकंदाला २८८ जीबी. घोडबंदर रस्त्यावरच्या एखाद्या मॉलला तळघरात दोन मजली पार्किंग असावे आणि बाहेर पडायला एकच गाडी मावेल एवढे फाटक, तसे हे कार्ड आहे. आरटीएक्स ५०७० टीआयवरही १६ जीबीच आहे, पण २५६ बिटच्या बसवर आणि ८९६ जीबी वेगाने. रेडिऑन आरएक्स ९०७० एक्सटीवर तेवढीच मेमरी, तेवढीच रुंद बस, वेग सुमारे ६४० जीबी. खोक्यावर तिघांच्याही बाबतीत '१६ जीबी' एवढेच ठळक छापलेले असते.

अशा रीतीने चाळत चाळत माझ्यापुढे शेवटी ५०७० टीआय आणि ९०७० एक्सटी ही दोनच कार्डे उरली. दोन्ही २०२५च्या सुरुवातीला बाजारात आली. तेव्हाच्या अमेरिकेतल्या जाहीर किमती अनुक्रमे ७४९ आणि ५९९ डॉलर होत्या, आणि आपल्याकडे त्यावर १८ टक्के जीएसटी आणि विक्रेत्याच्या मर्जीचा भाग. रेडिऑन पैशाच्या मानाने अधिक देते, हे मान्य करायला हवे. आयरेसिंग सोडून इतर खेळांत माझा जास्त वेळ जात असता तर मी तेच घेतले असते, आणि उरलेल्या पैशात पेडल बदलले असते. पायाचा दाब मोजणाऱ्या चांगल्या लोड-सेल ब्रेकने लॅपचा वेळ जितका सुधारतो तितका कोणत्याही कार्डाने सुधारत नाही, हे कार्डावरच्या लेखात लिहिणे विचित्र असले तरी खरे आहे. तीन १०८०पीवाल्यांनी या दोन्हींच्या वाट्याला जाऊ नये. त्यांना आरटीएक्स ५०७० किंवा साधे आरएक्स ९०७० पुरते. आणि आरटीएक्स ५०९० हे ५७५ वॅटचे प्रकरण आहे. दहा बाय दहाच्या खोलीत त्याला बोलावणे मला शहाणपणाचे वाटत नाही.

डीएलएसएस आणि एफएसआर यांच्या भरवशावर लहान कार्ड घ्यावे का, असे भाच्याच्या मित्रांपैकी एकाने विचारले होते. कमी पिक्सेल रंगवून चित्र मोठे करण्याची ही तंत्रे अलीकडे खूप सुधारली आहेत आणि इतर प्रकारच्या खेळांत मीही ती डोळे मिटून लावते. शर्यतीत मात्र नजर दूरच्या बारीक गोष्टींवर असते, आणि वेगाने जवळ येणाऱ्या पाटीच्या किंवा पुढच्या गाडीच्या मागच्या पंखाच्या कडेला उमटणारी पुसट सावली मला खटकते. दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये एक बनावट फ्रेम घालण्याच्या तंत्राबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. त्याने आकडा वाढतो, पण चित्र हाताच्या मागे पडते. असेटो कोर्सामध्ये गाडीच्या हालचालीची आकडेमोड सेकंदाला ३३३ वेळा होते आणि स्टिअरिंगला बसणारे हिसके त्यातून येतात. कार्डाचा त्यांच्याशी संबंध नाही. मागची चाके सुटली हे हाताला आधी कळते आणि डोळ्याला नंतर. ही तफावत जितकी वाढेल तितका खेळ कठीण होतो, आणि काहींना मळमळूही लागते.

तीन पडद्यांना पर्याय नाहीत असे नाही. ४९ इंची वक्र मॉनिटरवर ७३.७ लाख पिक्सेल असतात, एकच तार लागते आणि खोली नीटनेटकी दिसते. फक्त शेजारची गाडी दिसेल एवढा तो कडेला वळत नाही. डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट लावला तर सगळे जगच भोवती उभे राहते, पण ठाण्याच्या मे महिन्यात चेहऱ्याला स्पंज बांधून पाऊण तासाची शर्यत ज्यांना सोसते त्यांना माझा नमस्कार.

मे महिन्याचा विषय निघाला म्हणून उष्णतेबद्दल. ५०७० टीआय ३०० वॅटचे कार्ड आहे, ९०७० एक्सटी ३०४ वॅटचे. त्यात प्रोसेसर, तीन मॉनिटर आणि स्टिअरिंगची मोटर मिळवली की भिंतीतून साडेपाचशे ते सहाशे वॅट ओढले जातात, आणि त्यांतला जवळजवळ प्रत्येक वॅट उष्णता होऊन खोलीत उतरतो. दीड टनाचा एसी सुमारे ५.२ किलोवॅट उष्णता बाहेर टाकतो, म्हणजे त्याच्या ताकदीचा दहावा भाग एकट्या संगणकाला पुरवावा लागतो. दार बंद, पंखा चालू आणि एसी बंद असा काटकसरीचा प्रयोग उन्हाळ्यात चालत नाही. रोज दोन तास धरले तर महिन्याला ३६ युनिट होतात, एसीचे वेगळे. आकडा लहान दिसतो, पण महावितरणच्या बिलात ३०० युनिटांची पायरी ओलांडली की पुढच्या युनिटांचा दर चढतो, आणि आमच्या घराचे मीटर उन्हाळ्यात त्या पायरीवर उभेच असते. कार्ड निवडताना वॅटचा रकाना मी किमतीच्या रकान्याइतकाच पाहते तो यासाठी.

या दोन्ही कार्डांसाठी ७५० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, सुचवलेला आहे, आणि तेथे कंजुषी करू नये. टेबलाखाली ठेवलेला घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटच पेलतो. पावसाळ्यात दिवे मिचकले की तो शर्यत वाचवण्याऐवजी स्वतःच आडवा होतो. नव्या पद्धतीच्या बारीक सोळा टोकांच्या वीजजोडणीबद्दलही सांगायला हवे: २०२२ साली आरटीएक्स ४०९०च्या काही कार्डांवर हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि नंतर त्याची रचना सुधारली गेली. प्लग पूर्ण आत बसला आहे ना हे डोळ्यांनी पाहावे, आणि तार जोडापाशीच वाकवू नये. अरुंद कॅबिनेटच्या काचेला तार टेकत असेल तर काच लावण्याआधी कॅबिनेट बदलावे.

खरेदीसाठी आम्ही ग्रँट रोडला गेलो. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला अजून सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात, आणि तेथे पाच दुकानांत भाव विचारल्याशिवाय कार्ड घेतल्याचे समाधान मिळत नाही. पहिल्या दुकानात काउंटरवरच्या गृहस्थांनी "मॅडम, मुलासाठी घेताय का?" असे विचारून भाच्याकडे बघत सगळी माहिती सांगितली, भाच्याने अत्यंत गंभीर चेहऱ्याने "त्यांनाच विचारा, मी फक्त खोका उचलायला आलोय" असे सांगितले. भाव पाचही ठिकाणी थोडेफार वेगळे होते, पण खरा फरक वॉरंटीत होता. वॉरंटी सीरियल नंबरवर आहे की बिलावर, दुरुस्तीला कार्ड कोणाकडे द्यायचे, आणि माल भारतातल्या वितरकाकडून आला आहे की कोणाच्या सामानातून, या तीन प्रश्नांची उत्तरे काउंटरवर जितकी घोळवली जातात तितका तो स्वस्त भाव महाग पडतो.

वापरलेल्या कार्डांचाही मोह पडतो. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलली आणि त्याच्या खाणकामात, म्हणजे संगणकावर आकडेमोड करून ते चलन मिळवण्यात, वापरलेली कार्डे एकाएकी निकामी होऊन बाजारात लोटली. त्यांतली आरटीएक्स ३०८० अजूनही फिरताना दिसतात. एका पडद्यासाठी ती वाईट नाहीत. तीन १४४०पीसाठी मात्र १० जीबी मेमरी आणि ३२० वॅटची भूक हा सौदा जुळत नाही, आणि रात्रंदिवस तापलेल्या मेमरीवर भरवसा ठेवणे आपापल्या छातीवर अवलंबून आहे.

कार्ड आणून बसवल्यावर दोनच गोष्टी सांगण्यासारख्या आहेत. एनव्हिडियाच्या बहुतेक कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असते. तिन्ही मॉनिटर एकाच मॉडेलचे घेऊन एकाच प्रकारच्या तारेने जोडले की अर्धी डोकेदुखी टळते. वेगवेगळ्या रिफ्रेश दरांचे, म्हणजे सेकंदाला वेगवेगळ्या वेळा चित्र बदलणारे, मॉनिटर एकत्र केले तर काही कार्डांची मेमरी रिकाम्या वेळीही पूर्ण गतीने धावत राहते आणि मेल वाचतानासुद्धा पंखे फिरतात. दुसरी गोष्ट आरशांची. खेळातला प्रत्येक आरसा म्हणजे देखावा पुन्हा एकदा रंगवणे असते, आणि एका पडद्यावर आपण वर एक कृत्रिम लांब आरसा लावून ठेवतो. तीन पडदे आल्यावर गाडीचे खरे बाजूचे आरसे त्यांच्या जागी दिसू लागतात, त्यामुळे तो कृत्रिम आरसा काढून टाकता येतो. प्रेक्षक, गवत आणि दूरच्या झाडांच्या सावल्याही मी खाली आणल्या. ला सूर्सला प्रेक्षकांकडे कोण बघतो?

एवढे केल्यावर पावसातल्या गर्दीच्या सुरुवातीलाही फ्रेम ९०च्या खाली जात नाहीत, म्हणून मी मर्यादाच ९०वर घातली आहे: कार्ड थंड राहते, पंख्यांचा आवाज दाराबाहेर जात नाही, आणि पहिल्या वळणापासून शेवटच्या लॅपपर्यंत चित्राची लय एकच राहते. १४४ हर्ट्झचे मॉनिटर घेऊन ९०वर चालवणे हा भाच्याच्या मते गुन्हा आहे. खारघरहून तो आला की ती मर्यादा काढतो, आणि तो गेला की मी ती परत घालते. स्पाच्या आमच्या वेळांत त्यामुळे अजून तरी काडीचाही फरक पडलेला नाही, आणि त्याचा दोष तो सध्या माझ्या जुन्या पेडलना देतो.